जुन्या मोटारसायकलचा हेडलाइट बल्ब: नवा घेण्याआधी उडालेला नीट बघा

तीन वर्षांपूर्वी श्रावणात आंबा घाट उतरताना माझ्या येझदीचा हेडलाइट गेला. त्या पावसाळ्यातला तो चौथा बल्ब. धुकं दाटलेलं, रस्ता ओला. साखरप्यापर्यंत एका एसटीच्या मागच्या लाल दिव्यांचा माग धरून उतरलो. चारही वेळा दुकानातून चांगल्या कंपनीचा बल्ब आणला होता, आणि चारही बल्ब निर्दोष होते. बॅटरीच्या अर्थिंगची वायर सीटखाली आवरणाच्या आत गंजून दोन-तीन तारांवर आली होती. गाडी खड्ड्यात आदळली की बॅटरी क्षणभर सर्किटमधून सुटायची आणि डायनॅमोचा वाढलेला दाब, म्हणजे व्होल्टेज, थेट बल्बावर यायचा. वायर बदलली तेव्हा खर्च बल्बापेक्षा कमी आला. त्यानंतर लावलेला पाचवा बल्ब अजून चालू आहे.

जावा, येझदी, जुनी बुलेट, राजदूत किंवा एखादी ब्रिटिश बीएसए पहिल्यांदाच घरात आली असेल, तर हेडलाइटचा बल्ब हा तुमच्या वाट्याला येणारा बहुधा पहिला विजेचा प्रश्न असेल. कोणता बल्ब टिकेल हे खोक्यावर वाचून कळत नाही. तुमच्या गाडीत बल्ब कशाने मरतो हे आधी शोधायचं, मग दुकानाची वाट धरायची.

उडालेला बल्ब फेकू नका

बल्ब काढा, कोरड्या फडक्याने पुसा आणि दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदासमोर धरा. ह्यात पाच मिनिटं जातात.

काच स्वच्छ आहे, पण आतली तार मधोमध तुटून लोंबते आहे आणि हलवल्यावर बारीक किणकिण ऐकू येते, तर बल्ब हादऱ्याने गेला. बुलेट ३५० चं इंजिन एक सिलिंडरचं, ७० मिमी बोअर (सिलिंडरची रुंदी) आणि ९० मिमी स्ट्रोकचं (पिस्टनच्या वर-खाली जाण्याचं अंतर). एवढा लांब स्ट्रोक असलेल्या इंजिनचा ठोका हँडलपर्यंत येतोच. पण हेडलाइट घट्ट बसलेला असेल तर बल्ब तो सोसतो. डूमची (बल्बामागच्या चकचकीत वाटीची) रिंग ढिली, रबर वाळून कडक झालेलं किंवा होल्डरची स्प्रिंग मेलेली असली की बल्ब जागच्या जागी थरथरतो, आणि तोच थरथराट तार तोडतो.

काच आतून काळी किंवा आरशासारखी चंदेरी झाली आहे आणि तारेच्या तुटलेल्या टोकांवर वितळलेले बारीक मणी दिसतात, तर व्होल्टेज जास्त मिळालं, किंवा बल्ब आपलं पूर्ण आयुष्य जगून गेला. बल्ब दोन-चार महिन्यांचाच असेल तर दुसरी शक्यता सोडून द्या.

काच आतून दुधासारखी पांढरी झाली, पिवळट भुकटी दिसते, तर आत हवा शिरली आहे. गरम काचेवर पाण्याचा थेंब पडून तडा गेला असेल, किंवा बल्बाचं सील मुळातच कच्चं असेल. पावसात हे होत असेल तर डूमच्या मागची रबरी टोपी आणि काचेभोवतीचं पॅकिंग तपासा.

आणि तार शाबूत दिसली, तर बल्ब उडालेलाच नाही. दोष होल्डरमध्ये, डिपर स्विचमध्ये किंवा अर्थिंगमध्ये आहे. नव्याने जुनी गाडी घेतलेल्यांच्या घरी असे धडधाकट बल्ब "फ्यूज" म्हणून ठेवलेले मी कितीतरी वेळा पाहिले आहेत.

गाडी किती वीज बनवते

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

पहिला प्रश्न: ६ व्होल्ट की १२ व्होल्ट? बॅटरीवर लिहिलेलं असतं, पण आधीच्या मालकाने काय बदललंय याचा भरवसा नसतो. मल्टिमीटर लावूनच खात्री करा. इंजिन बंद असताना चांगल्या स्थितीतली ६ व्होल्टची बॅटरी साधारण ६.३ दाखवते, १२ व्होल्टची १२.६ च्या आसपास.

दुसरा प्रश्न: डायनॅमो किंवा अल्टरनेटर किती वॅटचा? म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून आलेल्या ६ व्होल्टच्या जावा-येझदींचा डायनॅमो ४५ वॅटचा. ४५ ला ६ ने भागा, साडेसात अँपिअर येतात. आता खर्च मांडा. ३५ वॅटचा हेडलाइट ५.८ अँपिअर खातो, मागचा ५ वॅटचा दिवा ०.८. इग्निशन कॉइलचा वाटा वेगळा, मीटरच्या दिव्याचा वेगळा, आणि ब्रेक दाबला की तोही दिवा आला. म्हणजे कारखान्याने दिलेल्या ३५ वॅटच्या बल्बावरच जमाखर्च काठावर आहे. त्यातही डायनॅमो पूर्ण ४५ वॅट देतो ते इंजिन ठीकठाक वेगात असताना. गावातल्या गर्दीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, गाडी बॅटरीतूनच खात असते.

अशा गाडीला ६०/५५ वॅटचा (अप्परला ६०, डिपरला ५५) बल्ब लावला की पहिले काही किलोमीटर उजेड छान वाटतो. मग बॅटरी उतरते, हॉर्न घोगरा होतो, आणि घरी पोचेपर्यंत हेडलाइट नारिंगी झालेला असतो. उतरलेली बॅटरी पुढे दाबाचे चढउतार सोसू शकत नाही, आणि मग बल्बही जातो. तेव्हा नियम एकच: मूळ जेवढ्या वॅटचा बल्ब होता तेवढाच घ्या. १२ व्होल्टच्या बुलेटवाल्यांनाही हेच सांगेन. १००/९० वॅटचे बल्ब दुकानात सहज मिळतात, पण त्यांच्या उष्णतेने होल्डरचं प्लॅस्टिक वितळलेलं आणि डूमचा चंदेरी मुलामा पिवळा पडलेला मी पाहिला आहे. मुलामा एकदा गेला की कुठलाही बल्ब लावा, उजेड पडत नाही.

तिसरं माप चार्जिंगचं. मल्टिमीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावा, गाडी चालू करा आणि मध्यम रेस द्या. १२ व्होल्टच्या गाडीत १३.८ ते १४.५ दिसलं तर उत्तम. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) बिघडलाय, तो दुरुस्त होईपर्यंत नवा बल्ब लावू नका. ६ व्होल्टला ७ ते ७.३ च्या आसपास असावं. साडेसातच्या वर काटा गेला की जुन्या कटआउटचे (डायनॅमो आणि बॅटरी यांच्यामधल्या आपोआप चालणाऱ्या स्विचचे) पॉइंट आणि सेटिंग जाणत्या ऑटो-इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या.

एवढ्या थोड्या व्होल्टनी काय होतं, असं वाटेल. टंगस्टनच्या तारेचं गणित कठोर आहे. व्होल्टेज ५ टक्के वाढलं की बल्बाचं आयुष्य जवळपास अर्ध्यावर येतं. ५ टक्के कमी झालं की आयुष्य दुपटीच्या आसपास जातं, पण उजेड सहाव्या हिश्शाने घटतो.

काही जुन्या गाड्यांत आणि स्कूटरांत हेडलाइट बॅटरीवर नसतो, मॅग्नेटोच्या (इंजिनबरोबर फिरणाऱ्या चुंबकाने वीज बनवणाऱ्या भागाच्या) कॉइलवरून थेट चालतो. ओळख सोपी आहे: रेस वाढवली की उजेड स्पष्ट वाढतो, आयडलिंगला लुकलुकतो. तिथे सगळे दिवे मिळून दाब धरून ठेवतात. मागचा दिवा उडाला की त्याच्या वाट्याची वीज पुढच्यावर येते आणि थोड्याच वेळात तोही जातो. म्हणून अशा गाडीत मागचा बल्बही ठरलेल्या वॅटचाच हवा, आणि दोन्ही एकदम उडाले तर आधी मागचाच गेला होता असं धरून चला. डिपर स्विच बदलताना अप्पर आणि डिपर यांच्या मध्ये क्षणभरही दोन्ही बंद होत असतील, तर तो धक्काही बल्बाला मारतो. स्विच हळूहळू सरकवून बघा.

बूड ओळखा

दुकानात "जुन्या बुलेटचा बल्ब द्या" एवढं सांगून भागत नाही, कारण पन्नास वर्षांत डूम बदललेले असतात. जुना बल्बच खिशात घालून न्या. तरी नावं माहीत असावीत.

दोन पिनांचं, दाबून फिरवायचं, २० मिमी जाडीचं बूड म्हणजे बीए २० डी. माझ्या येझदीत हेच आहे. ह्याला खाली शिशाच्या डागाचे दोन ठिपके असतात आणि होल्डरच्या दोन स्प्रिंग त्यांच्यावर टेकतात. ४५ मिमीची गोल ताटली आणि मागे तीन पत्ती म्हणजे पी ४५ टी. ४३ मिमीची, तीन कान असलेली ताटली म्हणजे पी ४३ टी, हीच आपली सर्वत्र मिळणारी एच ४. तिच्यासारखाच दिसणारा ३५/३५ वॅटचा हॅलोजन म्हणजे एचएस १. त्याचे कान किंचित वेगळे असतात, त्यामुळे कानस मारून एकाच्या जागी दुसरा बसवण्याचा उद्योग कोणी करत असेल तर थांबवा. बीएसए, ट्रायम्फ, नॉर्टन आणि लुकास कंपनीचा डूम असलेल्या जुन्या रॉयल एनफिल्डमध्ये मधोमध ३६ मिमीची ताटली असलेला ब्रिटिश प्री-फोकस बल्ब असतो, म्हणजे पी ३६ डी.

बूड बसलं म्हणजे काम झालं असं मात्र नाही. तार डूमच्या नेमक्या बिंदूवर आली तरच उजेडाचा झोत बांधला जातो. दोन मिलिमीटर पुढे-मागे झाली तर उजेड रस्त्यावर न पडता झाडांवर पसरतो. आपल्याकडे वाहतूक डावीकडून, त्यामुळे डिपरचा झोत खाली आणि डावीकडे झुकायला हवा. युरोपातून आलेली उजव्या वाहतुकीची काच बसवली तर डिपर समोरच्याच्या डोळ्यांत जातो, आणि त्याला बल्ब जबाबदार नसतो.

साधा, हॅलोजन की एलईडी

६ व्होल्टच्या काठावरच्या गाडीला मी साधा ३५/३५ चा चांगला बल्ब किंवा त्याच बुडाचा ३५/३५ चा हॅलोजन लावतो. तेवढ्याच विजेत हॅलोजनचा उजेड जास्त असतो. त्याच्या काचेतला वायू, तारेपासून उडालेलं टंगस्टन पुन्हा तारेकडे आणतो, त्यामुळे काच काळी पडत नाही. मात्र हे चक्र चालायला काच अडीचशे अंशांच्या वर तापावी लागते. सतत कमी दाबावर चाललेला हॅलोजन काळा पडतो आणि लवकर मरतो. ज्याची वायरिंग जुनी, चार्जिंग अशक्त, त्याने हॅलोजन घेण्याआधी ती दोन्ही दुरुस्त करावीत.

खोक्यावर "१०० टक्के जास्त उजेड" किंवा तसं काही लिहिलेले बल्ब टाळा. त्यांची तार जास्त तापवलेली असते, म्हणून उजेड वाढतो आणि आयुष्य घटतं. "लाँग लाइफ" प्रकारात उलट असतं, उजेड किंचित कमी आणि टिकाऊपणा जास्त. रोज अंधारात गाडी चालवत नसाल तर हाच घ्या. निळसर काचेचे बल्बही नको. ती काच उजेडातला पिवळा भाग खाते, आणि पावसाळी घाटात मला तोच पिवळा उजेड डोळ्यांना सोसवतो.

एलईडीबद्दल लोक फार विचारतात. त्याचा खरा फायदा कमी वीज हा आहे, आणि ४५ वॅटच्या डायनॅमोला तो मोठा दिलासा ठरतो. पण जुना डूम एका बारीक, चहूबाजूंनी पेटणाऱ्या तारेसाठी घडवलेला असतो. एलईडीचे चिप दोन बाजूंना, चपटे. झोत फाटतो, डिपरची सीमारेषा राहत नाही, समोरच्याचे डोळे दिपतात. मॅग्नेटोच्या थेट विजेवर साधे एलईडी लुकलुकतात. जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थिंग असतं, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक फ्रेमला जोडलेलं, तिथे एकाच दिशेची वीज घेणारा एलईडी पेटणारच नाही किंवा जळेल. घ्यायचाच असेल तर बारीक पट्टीवरचे चिप तारेच्या अचूक जागी आहेत का हे बघा, आणि भिंतीवर झोत तपासल्याशिवाय रस्त्यावर नेऊ नका. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीची २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची असेल, तर ती मूळ रूपात राखलेली असणं ही त्यातली अटच आहे. दिव्याचा प्रकार बदलण्याआधी तेवढं ध्यानात असू द्या.

दुकानात

पुण्यात नाना पेठ, दिल्लीत करोल बाग, किंवा तुमच्या गावातलं जुनं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. गर्दी नसलेल्या वेळी जा, म्हणजे दुकानदार बल्ब पेटवून दाखवायला कंटाळत नाही. फिलिप्स, ऑसरामच्या नावाने नकलाही विकल्या जातात. ताटलीवर व्होल्ट-वॅट स्पष्ट कोरलेले आहेत का पाहा, पुसट शाईचा ठसा असेल तर परत करा. काच आणि ताटली चिमटीत धरून अगदी हलकेच हलवा; सांध्यात जराही खेळ लागला तर तो बल्ब हादऱ्यात टिकणार नाही. तार आधारांवर सरळ बसलेली हवी, कलती नको. मग दुकानातल्या बॅटरीवर अप्पर आणि डिपर दोन्ही पेटवून घ्या. एकाच खोक्यातले दोन बल्ब घ्या.

बसवताना

बॅटरीचं एक टोक आधी सोडवा. डूम उघडल्यावर कोणती वायर कुठे होती याचा मोबाइलवर फोटो काढा.

होल्डरच्या पत्त्या आणि स्प्रिंग बारीक पॉलिश पेपरने घासून तांब्याचा रंग येईपर्यंत साफ करा. स्प्रिंग दाबून बघा. उष्णतेने तिचा ताण गेला असेल तर होल्डरच बदला, ती ताणून लांब केली तर महिनाभरात पुन्हा बसते. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल काचेवर जळतं, तिथे डाग पडतो, काच असमान तापते आणि फुटते. चुकून हात लागलाच तर सर्जिकल स्पिरिटने पुसून कोरडी करा.

आता अर्थिंग. जुन्या डूमला बहुधा वेगळी अर्थिंगची वायर नसते, हेडलाइटचा पत्रा आणि हँडल हीच परतीची वाट. रंगाखाली, गंजाखाली ती अडते. बॅटरीचं सोडवलेलं टोक परत जोडा, इंजिन बंद ठेवून हेडलाइट पेटवा, मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थच्या बाजूला आणि दुसरं बल्बाच्या ताटलीला लावा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर डूमपासून फ्रेमपर्यंत एक नवी वायर टाका. ६ व्होल्टच्या गाडीत ह्याचं मोल फार आहे. ३५ वॅटला ५.८ अँपिअर वाहतात, म्हणजे वाटेत फक्त ०.१ ओहमचा अडथळा असला तरी जवळपास १० टक्के व्होल्टेज आणि सुमारे ३० टक्के उजेड गळतो. १२ व्होल्टच्या गाडीत तेवढ्याच अडथळ्याने उजेड साधारण ८ टक्के घटतो. ६ व्होल्टचे दिवे मुळातच मंद असतात असं सगळे म्हणतात. त्यातला बराचसा मंदपणा गंजाचा असतो.

सांध्यांवर थोडं व्हॅसलीन लावा, रबरी टोपी नीट बसवा. डूमच्या रिंगखालचं रबर कडक झालं असेल तर नवं घ्या. ते मिळालं नाही तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून रिंगखाली फिरवा, हादरा चांगला शोषते.

शेवटी फोकस. रात्री सपाट जागी भिंतीपासून साडेसात मीटरवर गाडी सरळ धरा, कोणाला तरी सीटवर बसवा, कारण माणूस बसला की मागचं सस्पेन्शन दबतं आणि झोत वर उचलला जातो. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची खडूने भिंतीवर मारा. डिपरचा वरचा काठ त्या खुणेच्या ७-८ सेंटिमीटर खाली यायला हवा.

नव्या दोनचाकींत एप्रिल २०१७ पासून हेडलाइट सतत पेटता असतो, तुमच्या जुन्या गाडीला ते बंधन नाही. आधी किक मारून इंजिन स्थिर होऊ द्या, मग हेडलाइट लावा. थंड तारेतून पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट वीज धावते, म्हणूनच बहुतेक बल्ब स्विच लावतानाच उडतात.

दुसरा बल्ब टूलबॉक्समध्ये पान्यांबरोबर मोकळा ठेवू नका. मी कॅमेऱ्याच्या रिळाची जुनी प्लॅस्टिकची डबी वापरतो, आत मलमलीचा तुकडा गुंडाळून. लहान बल्ब तीत नेमका बसतो. डबीवर चिकटपट्टी लावून तारीख आणि गाडीचं किलोमीटर रीडिंग लिहून ठेवतो. नवा बल्ब बसवल्यावर शंभरेक किलोमीटर झाले की एकदा डूम उघडून रिंगचा स्क्रू आणि अर्थिंगची वायर हाताने हलवून बघा. पहिल्यांदा ढिले होतात ते ह्याच अंतरात.